खाली पितर, वर ख्रिस्त

1750 साली इंग्लंडच्या केंट परगण्यात, ललिंगस्टोनच्या जहागिरीत, हरणांसाठी राखलेल्या रानाला कुंपण घालायचं काम चाललं होतं. खांबांसाठी खड्डे घेताना गड्यांना मातीखाली रंगीत चिपांची नक्षीदार फरशी लागली. आज अशी फरशी दिसली तर काम थांबतं, पत्रकार येतात, मंत्री येतात. तेव्हा खड्डे फरशीतून आरपार गेले, खांब उभे राहिले आणि विषय संपला. शे-दीडशे नव्हे, जवळजवळ दोनशे वर्षं संपला. मग 1939 मध्ये त्याच भागात एक झाड उन्मळून पडलं आणि विखुरलेल्या चिपा पुन्हा वर आल्या. या वेळी कुणाला तरी त्यांचा अर्थ कळला होता, पण त्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं. उत्खननाला 1949 उजाडलं.

ते काम हाती घेतलं लेफ्टनंट कर्नल जेफ्री मीट्स यांनी. ललिंगस्टोनच्या गढीच्या देवडीतच त्यांचा मुक्काम असे. (याच गढीत तेव्हा रेशमाचे किडे पाळले जात, 1937 च्या राज्याभिषेकासाठी लागलेलं रेशीम इथलं.) 1961 पर्यंत, म्हणजे बारा वर्षं, मीट्स आणि त्यांचे सहकारी खणत राहिले. हाती लागलेल्या घरात राजवाड्याचा थाट नव्हता. खोल्या मोजक्या, मालक खाऊनपिऊन सुखी. ब्रिटनमध्ये याहून मोठे रोमन व्हिला कितीतरी आहेत. पण धर्म बदलताना घराच्या आत काय काय होतं, हे या घराइतकं स्पष्ट दाखवणारी जागा मला तरी दुसरी माहीत नाही.

'व्हिला' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लोणावळ्याचे बंगले येतात. रोमन व्हिला म्हणजे मुळात शेतावरचा वाडा. जमीन, गुरं, धान्याची कोठारं, राबणारी माणसं आणि या सगळ्यावर उभं राहिलेलं मालकाचं घर. ललिंगस्टोनचं घर डॅरेंट नदीच्या पश्चिम काठावर, टेकडीच्या उतारात पायरी कोरून तिच्यावर बांधलेलं आहे. या नदीच्या खोऱ्यात असे बरेच व्हिला होते. जमीन चांगली, पाणी बारमाही आणि लंडनची बाजारपेठ तीसेक किलोमीटरवर. रोमन फौजा इ.स. 43 मध्ये ब्रिटनमध्ये उतरल्या, 60-61 च्या सुमारास बोडिका राणीच्या बंडात लंडन जळालं आणि त्यानंतर दोन-तीन दशकांत, साधारण 80 ते 100 च्या दरम्यान, गारगोटी आणि चुन्याचं हे पहिलं पक्कं घर उभं राहिलं. बांधणारा रोमहून आलेला असेलच असं नाही. नव्या राज्यकर्त्यांची राहणी उचललेला इथलाच कुणी जमीनदारही असू शकतो. राज्य बदललं की आधी कपडे बदलतात, मग घरं. देव बदलायला फार वेळ लागतो.

दुसऱ्या शतकाच्या मध्यानंतर घर वाढलं. एका टोकाला हमामखाना आला. फरशीखाली विटांचे बुटके खांब, खांबांच्या मधून बाहेरच्या भट्टीतली गरम हवा फिरते आणि वर माणसं घाम गाळत बसतात. भट्टीत लाकडं सारणारा कुणी वेगळाच. त्याचा घाम फुकटचा. घराच्या दुसऱ्या टोकाला जमिनीखाली एक खोली होती, तिला आता नुसतं 'खोल खोली' म्हणतात. तिचं देवघर झालं. भिंतीतल्या कोनाड्यात तीन जलदेवता रंगवल्या होत्या. त्यातली एक अजून ओळखू येते: केसांत हिरवी पानं माळलेली, चेहरा शांत, नजर थोडी बाजूला. खोलीच्या जमिनीत पाण्याचं लहानसं कुंडही होतं. बाहेर नदी वाहते आहे आणि तिच्या शेजारचं घर पाण्याची पूजा करतं आहे, यात नवल काही नाही. नदीकाठच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

याच खोलीत मीट्स यांना संगमरवराचे दोन अर्धपुतळे सापडले. दोघेही दाढीवाले पुरुष, वयाने प्रौढ, चेहऱ्यावर मोठेपणाचा भार. संगमरवर भूमध्य समुद्राच्या बाजूचा आणि घडण दुसऱ्या शतकातली. असा पुतळा केंटच्या पाथरवटाकडून होणारा नव्हता. तो जहाजातून आला. रोमन व्यापाराचं हे वायव्य टोक. दुसऱ्या टोकाला, आपल्या कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात, समुद्रदेव पोसायडनची चिमुकली ब्राँझची मूर्ती मिळाली. एका जगाच्या या दोन कडा होत्या, पण तो विषय वेगळा.

रोमन घरात पूर्वजांचे मुखवटे आणि पुतळे ठेवण्याची चाल होती. देवघरातल्या आपल्या टाकांत चांदीच्या पत्र्यावर उठवलेले घरचे पितरही असतात. हे दोघे संगमरवरातले टाक समजा. पण ते पितर कुणाचे? अलीकडच्या अभ्यासात एक तर्क पुढे आला आहे. पुतळ्यांपैकी एक चेहरा पर्टिनॅक्सचा आणि दुसरा त्याच्या बापाचा असावा. पर्टिनॅक्स हा मुक्त केलेल्या गुलामाचा मुलगा. शिकवण्या सोडून फौजेत गेला, चढत चढत 185 ते 187 या काळात ब्रिटनचा सुभेदार झाला. इथल्या सैनिकांनी बंड करून त्याला इतकं मारलं, की मेला समजून सोडून गेले. तो वाचला. 193 च्या जानेवारीत रोमचा सम्राट झाला आणि 87 दिवसांनी स्वतःच्याच अंगरक्षकांच्या हातून मारला गेला. ललिंगस्टोन हे सुभेदाराचं गावाकडचं विसाव्याचं ठिकाण होतं, असा या तर्काचा पुढचा दुवा. सगळ्यांना तो पटलेला नाही, आणि दगडी चेहऱ्याची नाण्यावरच्या चेहऱ्याशी जोड लावताना मलाही जरा जपूनच राहावंसं वाटतं.

पण हा तर्क खरा असो वा खोटा, एक गोष्ट उरतेच. मीट्स यांच्या मते तिसऱ्या शतकात मधली बरीच वर्षं हे घर ओस पडलं होतं. नंतर जे राहायला आले ते बहुधा वेगळ्याच कुळातले. त्यांना खाली हे दोन दाढीवाले मिळाले. त्यांनी ते फेकले नाहीत, चुन्याच्या भट्टीतही घातले नाहीत. (रोमन संगमरवराचा शेवट बहुतेक वेळा चुन्याच्या भट्टीतच झाला आहे.) उलट खोल खोलीत त्यांची नीट स्थापना केली आणि समोर अर्पणासाठी मडकी ठेवली. दुसऱ्याच्या घरातले टाक आपल्या देवघरात बसवून त्यांना नैवेद्य दाखवायचा, यामागे काय असेल? घराबरोबर घराचा धनीही येतो, त्याला दुखवू नये, असं काहीसं असावं. जुनं घर विकत घेणाऱ्या माणसाला विचारा. जागेवाल्याचं तो आधी बघतो.

साधारण 300 च्या सुमारास घरामागच्या चढावर नव्या कुटुंबाने एक समाधी बांधली, वर देवळासारखी वास्तू. आत शिशाच्या दोन शवपेट्या ठेवल्या, एक तरुण पुरुषाची, एक तरुण बाईची. बाईची पेटी जुन्या काळीच लुटली गेली. पुरुषाची शाबूत राहिली. तिच्यावर शिंपल्यांची नक्षी आहे. बरोबर सुरई, काचेची भांडी, चमचे आणि खेळायचा पट; पटाच्या दोन रंगांच्या काचेच्या 30 सोंगट्या. पोर खेळात रमणारं असणार. दोघं नवरा-बायको होती की भाऊ-बहीण, हाडांवरून ठरत नाही. पेटीत सोंगट्या मांडून ठेवणारा हात मात्र आईचा किंवा बापाचा असावा असं मला वाटतं. त्याला पुरावा नाही.

पुढच्या पन्नास-साठ वर्षांत घराची भरभराट झाली. 1750 च्या गड्यांनी भोकं पाडली ती फरशी याच काळातली, चौथ्या शतकाच्या मध्याची. बैठकीच्या खोलीत मधोमध ग्रीक कथांतला वीर बेलेरोफोन पंखांच्या घोड्यावर बसून कायमिरा या राक्षसी प्राण्याला भाल्याने भोसकतो आहे. भोवती डॉल्फिन, चार कोपऱ्यांत बायकांच्या रूपातले चार ऋतू. शिशिर म्हणजे डोकं झाकून घेतलेली म्हातारी, वसंताच्या खांद्यावर पाखरू, ग्रीष्माच्या केसांत धान्याची कणसं; शरदाचा कोपरा नष्ट झाला आहे. बाजूच्या भूमितीच्या नक्षीत बदाम आहेत, फुल्या आहेत आणि चक्क स्वस्तिकंही. स्वस्तिक पाहून आपल्या माणसाचे डोळे लगेच चमकतात. पण रोमन नक्षीकामात ते सगळीकडे असतं, वेलबुट्टीसारखं. फार ओढाताण करू नये.

खरी गंमत आतल्या अर्धगोल जेवणघरात. पाहुणे अर्धवर्तुळाकार लोडावर रेलून जेवत आणि त्यांच्या समोर फरशीवर युरोपा राजकन्येला पाठीवर घेऊन पांढरा बैल समुद्र पार करतो आहे. बैल म्हणजे वेश पालटलेला ज्युपिटर. पंखवाली दोन पोरं बरोबर आहेत, त्यातलं एक बैलाची शेपटी धरून ओढतं आहे. वर चिपांतच घडवलेल्या लॅटिन पद्याच्या दोन ओळी. अर्थ असा, की ज्युपिटरची मत्सरी बायको जूनो हिने बैलाचं हे पोहणं पाहिलं असतं, तर वाऱ्याचा राजा इओलस याच्या दाराशी जायला तिला अधिक सबळ कारण मिळालं असतं. हा विनोद ज्याला व्हर्जिलचं 'इनीड' पाठ आहे त्यालाच कळतो. त्या महाकाव्याच्या पहिल्याच सर्गात जूनो इओलसकडे जाऊन काव्याचा नायक इनियस याची गलबतं बुडवायला वादळ मागते. इथला कवी म्हणतो, बाई, तुझा राग चुकीच्या माणसावर निघाला, तुझा नवरा बघ काय करतोय!

साम्राज्याच्या अगदी काठावर, पावसाळी केंटमध्ये, जेवायला आलेल्या शेजाऱ्यांपुढे हा श्लोक मांडायचा. ज्याला कळला तो हसला, ज्याला नाही कळला तोही हसला असणार. मालकाला तेच हवं होतं. आपल्याकडे दिवाणखान्यात न वाचलेल्या ग्रंथांचं कपाट असतं, त्यातलाच प्रकार. फरक इतकाच, की या गृहस्थाने ते वाचलं होतं.

आणि याच घरात, फरशी घातल्यावर थोड्याच वर्षांत, ख्रिस्त आला.

बाहेर काळ बदलला होता. 306 मध्ये याच ब्रिटनमध्ये, यॉर्कला, फौजेने कॉन्स्टंटाइनला सम्राट म्हणून पुकारलं. 313 मध्ये ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली. 314 मध्ये फ्रान्समधल्या आर्लच्या धर्मसभेला ब्रिटनचे तीन बिशप हजर होते. सम्राटाचा देव ख्रिस्त झाला, म्हणजे दरबारात आणि सरकारी नोकरीत त्याचा उपयोगही होऊ लागला. ललिंगस्टोनच्या मालकाने श्रद्धेने धर्म घेतला की सोयीने, हे ठरवणारे आपण कोण? त्याने घराच्या एका बाजूच्या खोल्या उपासनेसाठी वेगळ्या काढल्या. घरातून तिकडे जाणारा दरवाजा बुजवला आणि बाहेरून स्वतंत्र वाट ठेवली. आसपासच्या ख्रिस्ती मंडळींना मालकाच्या बैठकीतून न जाता तिथे येता यावं, ही त्यामागची सोय दिसते. ब्रिटनमधल्या ख्रिस्ती उपासनेच्या सर्वांत जुन्या ज्ञात जागांपैकी ही एक.

भिंती रंगवल्या. एका भिंतीवर मोठं पुष्पचक्र आणि त्यात 'खी' आणि 'ऱ्हो' ही ख्रिस्ताच्या ग्रीक नावाची पहिली दोन अक्षरं एकमेकांत गुंफलेली. दोन्ही बाजूंना अल्फा आणि ओमेगा, म्हणजे आदी आणि अंत. दुसऱ्या भिंतीवर खांबांच्या ओळीत सहा माणसं उभी. अंगावर जरीकाठी, मोत्यांची किनार लावलेले झगे. त्या काळचे ख्रिस्ती हात जोडून नव्हे, दोन्ही बाहू पसरून प्रार्थना करत, तसे त्यांतल्या काहींचे हात पसरलेले. ही माणसं संत नसून घरातलीच असावीत असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. एका तरुणाच्या मागे पडदा रंगवला आहे. तो वारला होता, याची ती खूण मानतात.

आणि ही प्रार्थनेची खोली बरोबर कुठे? त्या खोल खोलीच्या वर.

खाली दोघे दाढीवाले बसलेलेच होते. त्यांना कुणी बाहेर काढलं नाही. वर ख्रिस्ताची आळवणी सुरू झाल्यावरही खाली अर्पणं चालू होती, असा मीट्स यांचा निष्कर्ष. धर्मोपदेशकाला हे ठाऊक असेल का? असेल तर त्याने काणाडोळा केला असेल. घरातल्या एखाद्या म्हातारीने रात्री खाली जाऊन मडक्यात थोडं काही ठेवलं, सकाळी वरच्या खोलीत बाहू पसरून उभी राहिली, आणि या दोन्हीत तिला काही विसंगती वाटली नसेल. इतिहासाची पुस्तकं 'साम्राज्याचं ख्रिस्तीकरण' असं म्हणतात तेव्हा एक मोठी लाट आली आणि जुनं सगळं धुऊन गेलं असं चित्र उभं राहतं. इथे तसं काही झालेलं नाही. इथे वरच्या मजल्यावर एक देव आणि खालच्या मजल्यावर दुसरे, मध्ये लाकडी फळ्यांची जमीन. शेजारच्या दालनात बैल अजून युरोपाला घेऊन पोहतोच आहे, तोही कुणी खणून काढला नाही. डॉर्सेटमधल्या हिंटन सेंट मेरी इथे 1963 मध्ये सापडलेल्या फरशीवर तर ख्रिस्तचिन्हासह एक चेहरा, बहुधा ख्रिस्ताचाच, आणि बेलेरोफोन एकाच वेळी आहेत. राक्षस मारणारा घोडेस्वार नव्या धर्मालाही चालून गेला.

407 मध्ये ब्रिटनमधली फौज आपला नवा सम्राट घेऊन गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, उतरली, ती परतली नाही. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला कधीतरी ललिंगस्टोनचं घर पेटलं. हल्ला होता की चुलीतली ठिणगी, राखेवरून सांगता येत नाही. ते पुन्हा कुणी बांधलं नाही.

आग लागली तेव्हा मधली लाकडी जमीन जळाली आणि वरच्या खोलीच्या भिंतींचा रंगवलेला गिलावा तुकडे तुकडे होऊन खालच्या खोलीत कोसळला, पितरांच्या अंगावर. मग टेकडीवरून पावसाने माती वाहून आणली, वर्षामागून वर्षं, आणि सगळं पुरुषभर मातीखाली गेलं. वरच्या खोल्या जागच्या जागी उभ्या राहिल्या असत्या तर त्या भिंतींचा दगड गावकऱ्यांनी नेला असता आणि रंग पावसात धुपले असते. त्या चित्रांना आसरा मिळाला तो त्या खोल खोलीचा. ब्रिटनमधलं सर्वांत जुन्यांपैकी एक ख्रिस्ती चित्र मूर्तिपूजकांच्या तळघराने दीड हजार वर्षं सांभाळलं.

उत्खननात या खोलीतून गिलाव्याचे हजारो तुकडे निघाले. काही तळहाताएवढे, बरेच नखाएवढे. मूळ चित्र काय होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणजे डब्यावरचं चित्र हरवलेलं कोडं जुळवण्यासारखं काम. रंगाची छटा, कुंचल्याच्या फटकाऱ्याची दिशा, गिलाव्याची जाडी, मागच्या बाजूला उमटलेले भिंतीचे ठसे, अशा खुणांवर एकेक तुकडा दुसऱ्याला जोडत गेले. त्याला वर्षं लागली. हळूहळू एक बाही दिसली, मग एक बोट, मग डोळे. मोठे, काळे, सरळ समोर रोखलेले. ही चित्रं आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. संगमरवराचे दोघेही त्याच म्युझियममध्ये गेले. खोल खोलीत आता त्यांच्या प्रतिकृती आहेत, आणि 1963 पासून घराच्या अवशेषांवर छप्पर आहे. ऐन्सफर्ड स्टेशनवर उतरून, गावातली उथळ नदी ओलांडून, रेल्वेच्या उंच विटांच्या पुलाखालून चालत गेलं की अर्ध्या तासात तिथे पोचता येतं.

घर मातीखाली गेल्यावर वरच्या चढावरच्या समाधीच्या भिंती मात्र काही शतकं डोकं वर काढून होत्या. मध्ययुगात गावकऱ्यांनी त्याच जुन्या भिंतींच्या आधाराने एक लहानसं चर्च बांधलं. ललिंगस्टेन हे त्याचं नाव. पंधराव्या शतकापर्यंत तेही पडीक झालं. तोवर काही शे वर्षं दर रविवारी माणसं तिथे जमत, प्रार्थना म्हणत आणि उतारावरून घरी जात. सोंगट्या घेऊन निजलेला तो तरुण त्यांच्या पायांखाली होता. आणि थोडं खाली, ज्या उतारावर त्यांची मेंढरं चरत, तिथे सहा माणसं बाहू पसरून पालथी पडली होती, दोन म्हाताऱ्यांच्या सोबतीला.